भावाच्या आडोशाला

कोरियन मुलं म्हणजे मशिनी. बोटं पळतात, आत काही नाही. गेली दोन-तीन वर्षं हे वाक्य मी अमरावतीत मैफिलीनंतरच्या चहावर ऐकतो आहे, अकोल्यात युवक महोत्सवाच्या परीक्षकांच्या पंगतीत ऐकतो आहे. म्हणणाऱ्यांत आमच्या भागातले कानाने तयार असलेले लोकही आहेत, म्हणून चीड जास्त येते. बोलणाऱ्याने यांग इनमोचं व्हायोलिन मोबाइलवर दीड मिनिट पाहिलेलं असतं आणि तेवढ्यावर निकाल दिलेला असतो. मग ज्याच्यासाठी हे सगळं बोलायचं ते पाठोपाठ येतं: आपल्याकडे तसं नाही, आपल्याकडे भाव आहे. वऱ्हाडात हेच जास्त मोकळेपणाने सांगतात, "मनाले भिडलं पायजे बाप्पा, सूर थोडासा इकडंतिकडं झाला तं काय होते!"

काय होते ते सांगायला हा लेख लिहितो आहे.

ज्याला मशीन म्हणतात तो मुलगा १९९५ सालचा. २०१५ मध्ये जिनोआच्या पागानिनी स्पर्धेत त्याने पहिलं बक्षीस घेतलं. २००६ नंतर तिथल्या परीक्षकांना पहिल्या बक्षिसाच्या लायकीचं कोणी सापडलं नव्हतं. पुढे त्याने पागानिनीचे चोवीसच्या चोवीस काप्रीस श्रोत्यांसमोर वाजवून ध्वनिमुद्रित केले. एवढ्या पुंजीवर आपल्याकडचा वादक पंडित झाला असता आणि उरलेलं आयुष्य शाल-श्रीफळं मोजत बसला असता. हा गडी सात वर्षांनी, २०२२ मध्ये, हेलसिंकीच्या सिबेलियस स्पर्धेत पुन्हा रांगेत उभा राहिला आणि तिथेही पहिला आला. जिंकलेला माणूस आपण होऊन पुन्हा परीक्षेला बसतो, याचं मला त्याच्या बोटांपेक्षा जास्त अप्रूप आहे. सिबेलियसच्या कन्चेर्टोची सुरुवात तंतुवाद्यांच्या कुजबुजीवर एकट्या उठणाऱ्या सुराने होते. तिथे लपायला जागा नसते, आणि तिथून पुढे अर्धा तास ज्याने हा मुलगा ऐकला त्याच्या तोंडून 'आत काही नाही' हे शब्द निघणार नाहीत. दीड मिनिटात मात्र निघतात.

यावर हमखास उत्तर असतं की व्हायोलिन पाश्चात्त्यांचं, कोरियाने त्यांची नक्कल केली, त्यात काय मोठं. पण व्हायोलिन कोरियाला जितकं परकं तितकंच आपल्याला. तिथे पाश्चात्त्य संगीत मिशनऱ्यांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोचलं. पहिल्या पिढीतला त्यांचा नावाजलेला वादक आणि रचनाकार होंग नान-पा १८९८ मध्ये जन्मला आणि शिकायला त्याला तोक्यो गाठावं लागलं. आपल्याकडे मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात आणलं त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त्री पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले. त्याच मातीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत आले आणि त्यांच्या हाताखाली प्यारेलाल शर्मा नावाचा मुलगा तयार झाला. त्या मुलाने लक्ष्मीकांतांबरोबर पुढे काय केलं ते वाचकांना सांगायला नको. म्हणजे ओळखीच्या बाबतीत आपण कोरियाच्या शंभरेक वर्षं पुढे होतो. ही आघाडी गेली कुठे?

मला वाटतं, ती भावाने खाल्ली. हा आरोप मी जपून करतो आहे, कारण भावाला कोणाचा विरोध असण्याचं कारण नाही. माझी तक्रार त्याच्या जागेबद्दल आहे. व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला पडदे आहेत, पेटीला पट्ट्या आहेत, तिथे सुराची अर्धी जबाबदारी कारागिराने उचललेली असते. व्हायोलिनवर वरच्या खाचेपासून घोडीपर्यंत उघडी तार साधारण ३३ सेंटिमीटर. त्या खाचेपाशी सर्वांत बारीक श्रुतीचं अंतर चारेक मिलिमीटर भरतं, आणि एक सप्तक वर गेलं की दोनच. बागेश्रीचा कोमल गंधार आणि दरबारीचा त्याहून उतरलेला गंधार यांच्यामधला सगळा संसार एवढ्याशा जागेत मांडायचा असतो, तोही त्या जागेपेक्षा रुंद असलेल्या बोटाने. गाणाऱ्याचा सूर किंचित खाली राहिला तर शब्द, चेहरा, हातवारे त्याला सांभाळून घेतात. व्हायोलिनला ही मंडळी मदतीला येत नाहीत. तिथे उतरलेला सूर उतरलेलाच ऐकू येतो आणि 'आतून आला होता' हे सांगून तो वर चढत नाही.

मराठी मुलखात हे कोणाला कळलंच नव्हतं असं नाही. गजाननबुवा जोशींना कळलं होतं. औंध दरबारच्या अंतूबुवांचा हा मुलगा (१९११–१९८७) घरातून ग्वाल्हेर गायकी घेऊन आला, आग्रा आणि जयपूरची विद्याही त्याने मिळवली, आणि व्हायोलिन मात्र आपलं आपण शिकला. त्यांच्या वादनाला बंदिशीचं आणि लयीचं हाड आहे. गोडवा शोधत येणाऱ्याची तिथे निराशा होते, आणि मला ते पसंत आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वतः शिकलेल्या हाताला दुसऱ्याला शिकवायचा क्रम सापडेलच असं नसतं. बुवांची विद्या पुढे वाहिली ती गळ्यातून. पांढरकवड्याला वाढलेला एक मुलगा नागपूर करून त्यांच्यापाशी पोचला, आणि आज उल्हास कशाळकरांच्या गाण्यात आपण बुवांची शिस्त ऐकतो. बुवांच्या नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी, त्याही गातात. त्या गजाचं तेवढं व्यापक घराणं झालं नाही.

श्रीधर पार्सेकर चव्वेचाळिशीत गेले. त्यांच्या हातातली चमक जुनी माणसं अजून डोळे मिटून सांगतात. सांगण्याने हात तयार होत नाहीत. वाईचे वि. गो. जोग लखनऊमार्गे कलकत्त्याचे झाले. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या, १९८३ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांची चपळाई आणि लयकारी थक्क करणारी आहे, तरी माझ्या लेखी त्यांची जागा दातारांच्या खालची, आणि यावर भांडायची माझी तयारी आहे.

दामोदर केशव दातार. जन्म १९३२, पद्मश्री २००४, मृत्यू ऑक्टोबर २०१८. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी 'गोड हाताचे व्हायोलिनवादक' म्हणून दोन रकाने दिले आणि विषय संपवला. दातारांना गोड म्हणून बाजूला ठेवण्याची ही खोड त्यांच्या हयातीतही होती. गोड म्हटलं की ऐकायचे कष्ट वाचतात. त्यांना विघ्नेश्वर शास्त्रींची तालीम मिळाली आणि कान घडला तो द. वि. पलुसकरांच्या गाण्यावर. पलुसकर १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले, तेव्हा दातार तेवीस वर्षांचे होते. पुढची साठ वर्षं त्या गाण्याचा हिशेब ते गजाने मांडत राहिले.

दातार ऐकताना आधी गज ऐका. गजाची केसांची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर. मुठीकडे तो जड, टोकाकडे हलका. दोन्हीकडे सूर सारखा भरायचा तर मनगटाने आणि तर्जनीने क्षणाक्षणाला वजन बदलत राहावं लागतं. आणि गज संपला की परतायचं. त्या परतीच्या जागी बहुतेकांचा सूर अडखळतो, एक बारीकशी कड तयार होते. आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या वादकांच्या आलापात ती कड ऐकू येते, आणि सवयीने आपण तिला वाद्याचा स्वभाव समजतो. दातारांकडे ती नाही. विलंबितात षड्ज लावून ते थांबतात तेव्हा गज कधी फिरला ते सांगता येत नाही, आणि म्हणून त्या षड्जाला श्वास घेतल्यासारखी खोली येते. ही खोली हृदयातून आली असं म्हणायला माझी हरकत नाही. ती मनगटातून वाट काढत आली एवढंच मला नोंदवायचं आहे.

मग मींड. आपली बैठक मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवलेलं, दुसरी बाजू छातीशी. त्यामुळे डाव्या हाताला वाद्य धरून ठेवायचं काम उरत नाही आणि तो तारेवर मोकळा धावतो. या सोयीचा आपल्याकडे फार गैरवापर झाला आहे. कुठूनही कुठेही घसरत गेलं की मींड झाली असा समज आहे. मींड निघते कुठून याला मी महत्त्व देत नाही, पोचते कुठे हे ऐकतो. दातारांची मींड पोचते. पंचमावरून गंधारावर येताना मधला प्रदेश ते दाखवतात, पण गंधारावर बोट टेकतं तेव्हा ते चाचपडत नाही, वरखाली करून जागा शोधत नाही, थरथरून चूक झाकत नाही. आपल्या निम्म्याअधिक वादकांचा कंप हा जागा न सापडल्याचा पुरावा असतो. दातारांनी सुराला आंदोलन दिलं तर ते रागाने मागितलं म्हणून.

आणि आटोपशीरपणा. पलुसकरांच्या गाण्यातलं हे ग्वाल्हेरी शहाणपण दातारांनी जसंच्या तसं उचललं. राग मांडला, बढत केली, तान दाणेदार आणि मोजकी घेतली, उठले. त्यांच्या तानेतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, कारण डाव्या हाताचं बोट आणि उजव्या हाताचा गज एकाच क्षणी पोचतात. हे दोन हात एकाच क्षणी पोचवणं हा व्हायोलिनचा अर्धा अभ्यास आहे, आणि तो रोजच्या सरावाशिवाय, भिंतीकडे तोंड करून केलेल्या कंटाळवाण्या सरावाशिवाय, साधत नाही. भावाचा उमाळा कितीही मोठा असला तरी तो दोन हातांना एकाच क्षणी पोचवत नाही.

दातारांना मशीन म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही, कारण ते आपले. यांग इनमोच्या हातात नेमकी हीच न ऐकू येणारी परती आहे, हेच अचूक टेकणं आहे, आणि तो परका म्हणून मशीन. हा कानाचा निवाडा नाही, आडनावाचा आहे.

गायकी अंगाचा विषय निघाला की डॉ. एन. राजम यांचं नाव येतं, आणि यायलाच हवं. ओंकारनाथ ठाकुरांचं गाणं त्यांनी तारेवर उतरवलं, बनारस हिंदू विद्यापीठात आयुष्यभर शिकवलं, मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी-नंदिनी यांच्यापर्यंत हात पोचवला. भाववादी मंडळी त्यांना आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून उभी करतात. साक्ष उलटी आहे. राजमबाईंचा हात ठाकुरांकडे येण्याआधी घडलेला होता, केरळात, वडील ए. नारायण अय्यर यांच्या हाताखाली, अगदी लहानपणी, कर्नाटक पद्धतीच्या कडक क्रमाने. त्याच वडिलांनी टी. एन. कृष्णन घडवले. त्याच आजोबांच्या हाताखाली नात कला रामनाथ तयार झाली, जिने पुढे पंडित जसराजांचं गाणं व्हायोलिनवर आणलं. एका घरातल्या एका शिक्षकाने तीन पहिल्या दर्जाचे वादक दिले, आणि त्यातल्या दोघी हिंदुस्थानी संगीतात शिखरावर पोचल्या. याला देणगी म्हणायचं की पद्धत? ज्यांना देणगी म्हणायचं आहे त्यांनी एकाच छपराखाली ती तीनदा कशी उतरली ते समजावून द्यावं.

प्रभाकर जोगांचं ऋण मोठं. गीतरामायणाच्या साथीपासून 'गाणारं व्हायोलिन'पर्यंत त्यांनी हे वाद्य मराठी माणसाच्या बैठकीच्या खोलीत नेलं. पण त्यांच्या लोकप्रियतेचा एक उपद्रव झाला. त्यांच्यामागून आलेल्या शेकडो हौशी वादकांनी ओळखीचं गाणं वाजवायचा मार्ग धरला, आणि गाण्याचे शब्द श्रोत्याच्या डोक्यात आधीच चालू असल्यामुळे सूर तपासायचा राहून जातो. इलेक्ट्रिक व्हायोलिन गळ्यात अडकवून मंचावर उड्या मारणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. फ्यूजनबद्दलही नाही.

आजची बरी बातमी खासगी आहे. दातारांचे शिष्य मिलिंद रायकर गोव्यातून आले, किशोरीताई आमोणकरांच्या मागे साथीला बसून त्यांनी कान आणखी तासला, आणि आता मुलगा यज्ञेशसह नवी मुलं तयार करताहेत. पुण्यात अतुलकुमार उपाध्ये यांनी व्हायोलिन अकादमी चालवली, तेजस आणि राजस ही त्यांची मुलं जोडीने वाजवतात. दोन्हीकडे मुलं लहानपणी घेतात, क्रमाने शिकवतात. मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राची कहाणी वेगळी. २००६ मध्ये कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांना बरोबर घेऊन तो उभा राहिला, आणि आजही त्याच्या बहुतांश खुर्च्या बाहेरून येणाऱ्यांनी भरतात. ज्या शहरात मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा बांधला त्या शहराची ही स्थिती. तरी निदान तिथे आता मुलांना शिकवणं सुरू आहे. हे सगळं मुंबई-पुण्याचं. नागपूरला प्रभाकर धाकड्यांसारखा एखादा जाणता माणूस. त्याच्या अलीकडे, बडनेऱ्यापासून शेगावपर्यंत, काय आहे?

परीक्षा आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. अमरावती आणि अकोल्यात वर्षातून दोनदा परीक्षेचे फॉर्म भरले जातात, आणि या परीक्षांनी लहान गावांत संगीत टिकवलं हे मी अमान्य करत नाही. पण परीक्षेने शिकवणीची जागा घेतली की काय होतं ते व्हायोलिनवर सगळ्यांत उघडं पडतं. एका विशारद मुलाने माझ्यासमोर यमन वाजवला. त्याचा तीव्र मध्यम दर आवर्तनाला वेगळ्या उंचीवर होता. विचारलं तर तो नाराज झाला नाही, आश्चर्यचकित झाला. हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला थाट, वादी-संवादी, पलुसकर-भातखंडे स्वरलिपीतला फरक, सगळं लिहिता येत होतं. त्याचा गुरू मुळात पेटीवाला. बिचाऱ्याने जे येत होतं ते दिलं.

पेटीचंही एक सांगून टाकतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. त्या बंदीवर आपल्याकडे भरपूर टीका झाली आणि अर्धी टीका रास्त होती. पण त्या काळात साथीला सारंगी आणि व्हायोलिन घ्यावं लागे, आणि रेडिओ ऐकणाऱ्या कानाला बिनपडद्याच्या सुराची सवय राहत होती. बंदी उठली, पेटी परतली, आणि वऱ्हाडातल्या भजनी मंडळापासून परीक्षा केंद्रापर्यंत सगळ्यांचा सूर पट्टीने ठरवलेला झाला. ज्या कानाने लहानपणापासून पट्टीचाच गंधार ऐकला त्याला चार मिलिमीटरचं भांडण कळणार कसं?

वाद्याचे हाल वेगळेच. आमच्याकडे सात वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या माणसाचं व्हायोलिन देतात, 'वाढेल तेव्हा उपयोगी पडेल' म्हणून, जणू ते शाळेचं दप्तर आहे. पाव, अर्ध्या, पाऊण मापाची व्हायोलिनं जगभर मिळतात ती उगाच नाही. लांब मानेवर लहान बोटं ताणून बसवली की सूर कायमचा चुकीच्या जागी मुरतो. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे. रोज वाजवणाऱ्याचे ते वर्षाकाठी बदलावे लागतात. वऱ्हाडात वर्षानुवर्षं तेच केस, वर राळेचे थर. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, खुंट्या घसरतात, सरसाने जोडलेल्या कडा उकलतात. जुलैत दमट हवेने त्याच खुंट्या फुगून बसतात. दुरुस्तीला वाद्य रेल्वेने मुंबईला किंवा नागपूरला जातं. अशा हवेत ओलं फडकं किंवा ओलावा देणारी नळी वाद्याच्या पेटीत ठेवतात, एवढंही मुलांना कोणी सांगत नाही. हे भावात बसत नाही म्हणून सांगितलं जात नाही.

कोरियाने काय केलं ते आता बघू. तिथल्या राष्ट्रीय कला विद्यापीठात १९९३ पासून किम नाम-युन नावाच्या बाई व्हायोलिन शिकवत होत्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. यांग इनमो त्यांचा शिष्य. २०१५ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकलेली लिम जि-यंग त्यांची शिष्या, तीही विसाव्या वर्षी, देश न सोडता शिकलेली. २०१० मध्ये इंडियानापोलिस जिंकणारी क्लारा-जुमी कांगही त्यांच्याच हाताखाली राहून गेली. म्हणजे नारायण अय्यरांच्या घरात जे झालं ते तिथे सरकारी विद्यापीठात झालं. चांगल्या शिक्षकाला पगार, खोली आणि तीस वर्षं दिली. त्याच विद्यापीठाने २००८ पासून शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र संस्था चालवली. शिवाय ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या दोनांत आलेल्या मुलाला सक्तीच्या सैनिकी सेवेत सवलत. आपल्याकडे बक्षीस म्हणजे सत्कार, तिथे बक्षीस म्हणजे आयुष्यातली दीड-दोन वर्षं सरावासाठी परत.

ते श्रीमंत आहेत, असं कोणी म्हणेल. १९६७ मध्ये चुंग क्युंग-व्हा हिने न्यूयॉर्कची लेव्हेन्ट्रिट स्पर्धा पिंकस झुकरमनबरोबर विभागून जिंकली, तेव्हा कोरिया श्रीमंत नव्हता. ती १९४८ ची, कोरियन युद्ध सुरू झालं तेव्हा दोन वर्षांची; आई सोलमध्ये खाणावळ चालवायची. कापूस-सोयाबीनच्या मुलखात व्हायोलिन कोणाला सुचतं, हा प्रश्न मला सभांतून विचारला गेला आहे, आणि विचारणारे तेच असतात जे गणपतीत एका रात्रीच्या ध्वनिव्यवस्थेचं बिल हासत चुकतं करतात. शेतकऱ्याच्या नावाने मुलांना बेसूर ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही.

खरं तर अमरावतीला पद्धत म्हणजे काय हे शिकवायची गरजच पडू नये. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी आखाड्याला अभ्यासक्रम दिला, शिक्षक तयार केले, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्यांच्या मल्लखांबावर चढणारं पोर आधी पकड शिकतं, मग अढी, मग उडी. पकड सुटली तर 'पण त्याच्या मनात उडी होती' असं कोणी म्हणत नाही, कारण पोर खाली पडलेलं दिसतं. बेसूर दिसत नाही. एवढ्या एका गैरफायद्यावर आपल्या संगीतशिक्षणाची इमारत उभी आहे.

माझ्यावर आरोप होईल की मी गाणं कवायतीत बसवतो आहे. होऊ दे. कवायत न करता गाणारा एक मोठा माणूस दाखवा. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे आपल्याकडे मनमौजी प्रतिभेचा पुतळा म्हणून पूजले जातात. नागपुरात शंकरराव सप्र्यांच्या विद्यालयात बसून त्यांनी घातलेला पाया पूजकांना आठवत नाही. कशाळकरांनी पांढरकवडा सोडलं, वसंतरावांनी मूर्तिजापूर. वऱ्हाड गळे जन्माला घालतं आणि घडवायला बाहेर पाठवतं, यात आपल्याला अभिमान वाटतो. मला लाज वाटते. जो गेला त्याचं नाव आपण कमानीवर लिहितो. ज्याला जायला भाडं नव्हतं तो विशारद झाला आणि आता मुलांना चुकीचा मध्यम शिकवतो आहे.

पश्चिमेकडे क्रॉयट्झरचे ४२ धडे दोन शतकांहून अधिक काळ चालत आलेत, शेवचिकने बोटांच्या एकेका हालचालीसाठी वह्या लिहिल्या. आपल्याकडे गजाच्या कामासाठी, हिंदुस्थानी बैठकीला धरून, पायरीपायरीने नेणारं पुस्तक मराठीत प्रत्येक शिकवणीत असायला हवं होतं. गळ्याचे पलटे उचलून तारेवर ठेवले की भागतं असं आपण मानलं. भागत नाही. दातारांच्या गजाचं टिपण करून, रायकर-उपाध्ये यांच्यासारख्यांना एकत्र बसवून, असं पुस्तक दोन वर्षांत होण्याजोगं आहे. करायला अमरावतीचं विद्यापीठ आहे. त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे, आणि झाडू मारल्याशिवाय कीर्तन सुरू न करणारा हा माणूस होता. त्याच्या पाच जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणे एक कोटी बारा लाखांवर लोक. त्यातून बारा मुलं निवडायची आहेत.

जूनमध्ये नवं सत्र उघडेल. अमरावती आणि अकोला इथल्या ज्या संस्थाचालकांच्या हाती संगीत विभाग आहेत त्यांनी त्याआधी एकेका पूर्णवेळ व्हायोलिन शिक्षकाच्या जागेची जाहिरात काढावी, लहान मापाची सहा-सहा वाद्यं विकत घ्यावीत, आणि मुलाखतीत उमेदवाराचं प्रमाणपत्र बघण्याआधी त्याला अर्धा तास वाजवायला सांगावं.